दातांच्या दवाखान्यात यंत्र आले, माणसांचे काय?

सांगलीच्या विश्रामबाग परिसरात, मिरजेत, कराडच्या शनिवार पेठेत किंवा साताऱ्याच्या राजवाडा भागात संध्याकाळी फेरफटका मारला, तर थोड्या थोड्या अंतरावर दातांच्या दवाखान्याची पाटी दिसते. पूर्वी या पाटीवर डॉक्टरांचे नाव, पदवी आणि वेळ एवढाच मजकूर असे. आता त्यात डिजिटल एक्स-रे, इम्प्लांट, लेसर, एका बैठकीत रूट कॅनल असे शब्द आले आहेत. आत गेल्यावर आणखी नवे काही दिसते. तोंडात गुलाबी मसाला भरून माप घेण्याऐवजी पेनासारखा एक कॅमेरा दातांवरून फिरतो आणि पडद्यावर दातांची त्रिमितीय प्रतिमा उमटते. काही ठिकाणी एक्स-रेवरील कीड ओळखून तिच्याभोवती रंगीत चौकट काढणारी संगणक प्रणालीही आली आहे.

हे सगळे स्वागतार्हच आहे. पण याच दवाखान्यांत आणखी एक दृश्य वारंवार दिसते. लाखो रुपयांचे यंत्र कापडाखाली झाकलेले असते, कारण ते चालवायला शिकलेली मुलगी दोन महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेली असते. नवी मुलगी आली आहे, पण तिला अजून चिमटे आणि आरसे यांचीच ओळख होत आहे. डॉक्टरांना शिकवायला वेळ नाही, बाहेर रुग्ण बसले आहेत. यंत्राचा हप्ता मात्र दर महिन्याला जातोच.

दंतवैद्यकातील तंत्रज्ञानाची चर्चा होते ती यंत्राची किंमत आणि रुग्णाची सोय यांच्याभोवती. ते यंत्र ज्यांच्या हातून चालायचे, त्या माणसांची चर्चा क्वचित होते. रुग्णाची सुरक्षितता मात्र बरीचशी त्यांच्याच हातात असते.

वैद्यकीय सेवेच्या बाबतीत सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मागे नाहीत. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून या भागाला वैद्यकीय परंपरा आहे. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यातही ते अलीकडे सुरू झाले. दंतवैद्यकाच्या शिक्षणाची सोय कराडात कृष्णा अभिमत विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात आहे आणि सांगलीत भारती विद्यापीठ व वसंतदादा पाटील यांच्या नावाच्या दंत महाविद्यालयांत आहे. तेथून दरवर्षी तरुण दंतवैद्य बाहेर पडतात. त्यांतले अनेक जण याच भागात दवाखाना थाटतात, कारण घर इथे असते आणि पुण्या-मुंबईत जागा परवडत नाही. परिणामी शहरांत दवाखान्यांची दाटी होते, तर जत, आटपाडी, पाटण, जावळी या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरच्या माणसाला दाढ ठणकली की एसटीने तालुक्याचे गाव गाठावे लागते.

शहरातल्या दाटीत टिकायचे तर वेगळे काहीतरी दाखवावे लागते. म्हणून कर्ज काढून यंत्र घेतले जाते. यात दंतवैद्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. बहुतेक दवाखाने एका डॉक्टरचे आणि एक-दोन मदतनिसांचे असतात. जागेचे भाडे, यंत्राचा हप्ता, वीज, लॅबचे बिल, कचऱ्याचे शुल्क हे सगळे भागवून उरेल त्यातून घर चालायचे. वर रुग्ण म्हणतो, “समोरचे तर पाचशे रुपये कमी सांगतात.” अशा वेळी सगळ्यात आधी कात्री लागते ती मदतनिसाच्या पगाराला आणि प्रशिक्षणाला.

ही मदतनीस कोण असते? १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने तीन जणांची नोंदणी ठरवून दिली: दंतवैद्य, डेंटल हायजीनिस्ट आणि कवळ्या, कॅप बनवणारा डेंटल मेकॅनिक. खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहून थुंकी ओढणारी नळी धरणारी, सिमेंट कालवणारी, अवजारे धुणारी, फोनवर वेळ देणारी आणि घाबरलेल्या रुग्णाचा हात धरणारी व्यक्ती या तिघांत नाही. बहुतेक वेळा ती दहावी-बारावी झालेली जवळपासची मुलगी किंवा गृहिणी असते. रुग्ण तिला ‘सिस्टर’ म्हणतात. ती सारे काम बघून बघून शिकलेली असते. आधीच्या मुलीने जे चूक केले, तेही ती तसेच उचलते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा करून जुन्या व्यवस्थेत मोठा बदल करण्याचे ठरवले. शिक्षणाच्या दर्जावर त्यातून चर्चा सुरू झाली हे चांगलेच, पण या मदतनिसाच्या शिक्षणाचा प्रश्न अजून चर्चेच्या कडेलाच आहे.

तिच्या कामातला धोका मात्र कडेला नाही. भूल देण्याची सुई, रूट कॅनलच्या बारीक फाइली, ब्लेड या सगळ्या टोकदार वस्तू ती दिवसभर हाताळते. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या व्यक्तीला टोचली, तर संसर्गाचा धोका सुमारे ६ ते ३० टक्के असतो. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत तो साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि एचआयव्हीच्या बाबतीत ०.३ टक्के धरला जातो. म्हणजे ज्या एचआयव्हीची सगळ्यांना भीती वाटते, त्यापेक्षा हिपॅटायटिस बी कितीतरी पटींनी सहज पसरतो. आणि नेमक्या त्याच आजारावर प्रभावी लस आहे. आज पहिला, महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, असे तीन डोस घ्यावे लागतात.

ही लस देणे ही मालकाची मेहरबानी नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, कामावर घेताना व नंतर वर्षातून एकदा त्याची आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण करणे बंधनकारक आहे. हे नियम पाचशे खाटांच्या रुग्णालयाला आहेत तसेच एका खुर्चीच्या दवाखान्यालाही आहेत. पिवळ्या, लाल, निळ्या डब्यांचे तक्ते बहुतेक भिंतींवर लागलेले दिसतात. मदतनिसाचे लसीकरण कार्ड मात्र विचारले तर शोधावे लागते.

सुई टोचल्यावर काय होते, यावरून त्या दवाखान्याचे वातावरण कळते. जिथे चूक झाली की सगळ्यांसमोर बोलणी बसतात, तिथे मुलगी बोट नळाखाली धरते, पट्टी लावते आणि गप्प बसते. जिथे चूक सांगितली तर आधी “कुठे लागलं, कोणत्या पेशंटची सुई होती?” असे विचारले जाते, तिथे ती लगेच सांगते. हा फरक केवळ स्वभावाचा नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायची असतात, बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. शासकीय रुग्णालयांत ती मिळतात. पण बोलायला घाबरलेली मुलगी त्या वेळेत तिथे पोहोचतच नाही.

अशा भीतीचा परिणाम रुग्णापर्यंतही पोहोचतो. ऑटोक्लेव्ह हे यंत्र वाफेच्या दाबाखाली अवजारे निर्जंतुक करते. १२१ अंश सेल्सियसला किमान पंधरा मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान तीन मिनिटे, असा त्याचा हिशेब आहे. पण तापमान चढणे, वाफ निघणे आणि अवजारे कोरडी होणे हे सगळे धरले, तर एका फेरीला अर्धा-पाऊण तास जातो. आता समजा, दवाखान्यात दात कोरणारे एअरोटर हँडपीस दोनच आहेत आणि संध्याकाळी पंधरा रुग्ण आहेत. दोन रुग्णांच्या मध्ये दहा मिनिटे मिळतात. अशा वेळी मदतनिसाने काय करावे? ती स्पिरिटचा बोळा फिरवून तेच हँडपीस पुन्हा लावते. ती बेफिकीर असते असे नाही. दवाखान्याची मांडणीच अशी असते, की नियम पाळणे तिला अशक्य होते. स्पिरिटने पुसल्याने हँडपीसच्या आत ओढले गेलेले रक्त आणि लाळ निघत नाही. ते उष्णतेनेच निर्जंतुक करावे लागते.

इथे तंत्रज्ञानाचा खरा प्रश्न समोर येतो. आधी काय घ्यायचे? रुग्णाला दिसणारा स्कॅनर की रुग्णाला न दिसणारी आणखी चार हँडपीस? ज्या दवाखान्यात मदतनीस डॉक्टरांना म्हणू शकते, “मॅडम, हँडपीस कमी पडतात, मला नीट निर्जंतुक करता येत नाही,” तिथे खरेदीचा क्रम आपोआप सुधारतो. ऑटोक्लेव्हमधल्या पट्टीचा रंग बदलला नाही, हे ती ज्या दिवशी न भिता सांगते, त्या दिवशी ती अवजारे कोणाच्या तरी तोंडात जाण्याआधी थांबतात. पट्टीचा रंग ऑटोक्लेव्ह बदलतो, पण तो बदलला नाही हे माणसालाच सांगावे लागते.

या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात आलेल्या दिसतात, असे एक उदाहरण दंतवैद्यकाच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे डॉ. एडमंड केल्स यांनी १८८५ मध्ये आपल्या दवाखान्यात एका स्त्री मदतनिसाची नेमणूक केली. दंतवैद्याच्या मदतनिसाच्या पेशाची सुरुवात तिथून धरली जाते. दवाखान्यात एक बाई आहे हे कळल्यावर स्त्रिया एकट्यानेही उपचाराला येऊ लागल्या. १८९५ च्या अखेरीस राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर केल्स यांनी अगदी सुरुवातीच्या काळातच दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. तेव्हा नळी नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतःचा हात किरणांसमोर धरत. पुढे त्या हाताला कर्करोग झाला. एकामागून एक बोटे गेली, मग हात गेला. अनेक शस्त्रक्रियांनंतर १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. नव्या यंत्राची पहिली किंमत ते चालवणाऱ्या हाताने मोजली, असे म्हणावे लागते.

आजचे डिजिटल एक्स-रे यंत्र त्या काळाच्या तुलनेत फारच सुरक्षित आहे. सेन्सरमुळे जुन्या फिल्मपेक्षा किरणोत्सर्ग कमी लागतो, प्रतिमा क्षणात दिसते. तरीही घाईत “जरा धर गं” म्हणून सेन्सर मदतनिसाच्या बोटांनी धरायला लावण्याची सवय काही ठिकाणी टिकून आहे. एका एक्स-रेचा डोस अगदी थोडा असतो हे खरे, पण रुग्णाला वर्षातून एक-दोन एक्स-रे लागतात, मदतनीस रोज दहा वेळा तिथेच उभी असते. सेन्सर धरायला साधा होल्डर मिळतो. दंतवैद्यकातील एक्स-रे यंत्रांसाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून घ्यावी लागते. ती घेताना जे सुरक्षेचे नियम वाचले जातात, ते बटण दाबणाऱ्या मुलीलाही मराठीत समजावून सांगितले पाहिजेत. ती गर्भवती असेल तर ते न बिचकता सांगता येईल, असे वातावरण असणे हाही त्या सुरक्षेचाच भाग आहे.

नव्या यंत्राकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही पाहायला हवे. दवाखान्यातच दाताची प्रतिमा घेऊन संगणकाच्या मदतीने भराव तयार करण्याचा पहिला उपचार झुरिकमध्ये १९८५ मध्ये झाला. चाळीस वर्षांत त्यात अचूकता आली, वेळ वाचू लागला. एक्स-रेवरील कीड दाखवणारी प्रणाली थकलेल्या डोळ्याला दुसरा डोळा देते. पण ती बघते तो एक्स-रे. गालाच्या आतला पांढरा चट्टा, जिभेच्या कडेची न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडणारे तोंड हे एक्स-रेत दिसत नाही. ते डोळ्यांनी पाहावे लागते, बोटाने चाचपावे लागते.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. धूम्रपान चारपेक्षा कमी टक्के लोक करतात. म्हणजे इथला तंबाखू मुख्यतः तोंडातच राहतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी मळलेली तंबाखू आणि मशेरी घरोघरी आहे. सकाळी मशेरी लावणारी आजी तिला व्यसन मानतच नाही, दात घासणे मानते. डॉक्टरांनी विचारले तर ती ‘नाही’ म्हणते. पण बाहेर बाकावर शेजारी बसलेल्या, तिच्याच बोलीत बोलणाऱ्या ‘सिस्टर’ला ती सांगते. ही माहिती डॉक्टरपर्यंत पोहोचली, तर मुखकर्करोग पूर्वावस्थेतच सापडू शकतो. ती पोहोचेल की नाही, हे मदतनिसाच्या बोलण्याला त्या दवाखान्यात किती किंमत आहे, यावर ठरते.

तंत्रज्ञान निवडताना स्थानिक परिस्थितीही विसरून चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि बाजारपेठेत पाणी शिरले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावरच्या दवाखान्यात खुर्ची जमिनीला घट्ट बसवलेली असते, कॉम्प्रेसर सर्वांत खाली असतो आणि रुग्णांच्या नोंदी कपाटात किंवा टेबलाखालच्या संगणकात असतात. पाणी ओसरल्यावर खुर्ची विम्यातून येऊ शकते, दहा वर्षांच्या नोंदी येत नाहीत. म्हणून पूररेषेतील दवाखान्यांसाठी दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित साठवलेली नोंद ही चैन नाही. मात्र या नोंदी म्हणजे रुग्णाची खासगी माहिती आहे. एक्स-रे आणि दातांचे फोटो सर्रास व्हॉट्सअॅपवर पाठवले जातात, तेही मदतनिसाच्या स्वतःच्या फोनवरून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मदतनीस काम सोडते, तेव्हा ते फोटोही तिच्या फोनसोबत जातात, याचा विचार आताच केलेला बरा.

या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत, ही बाबही मोकळेपणाने बोलायला हवी. दवाखाने रात्री साडेआठ-नऊपर्यंत चालतात. शेवटची एसटी चुकली तर मुलीने कसे जायचे, हा प्रश्न रोजचा आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मोठ्या कार्यालयांनाच लागू आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, पण अशा स्त्रीसाठी जिल्हा स्तरावर स्थानिक समिती असते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तरी तिथे दाद मागता येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. या समितीचा पत्ता दवाखान्याच्या आतल्या खोलीत लावणे हे चांगल्या मालकाचे लक्षण आहे.

स्वतः दंतवैद्यही या सगळ्यातून सुटत नाही. वाकून काम केल्याने मान आणि कंबर जाते, एअरोटरचा कर्कश आवाज रोज कानावर पडतो आणि एकट्याने दवाखाना चालवताना अडचण सांगायला सहकारी नसतो. दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्केवारीवर काम करणाऱ्या नव्या दंतवैद्यांची स्थितीही मदतनिसांपेक्षा फार वेगळी नाही. रजा घेतली की उत्पन्न बंद. प्रशिक्षित मदतनीस नीट हाताशी असेल, तर डॉक्टरला वाकावे कमी लागते, वेळ वाचतो आणि रुग्णही लवकर मोकळा होतो. म्हणजे मदतनिसावर केलेला खर्च डॉक्टरच्याच पाठीला उपयोगी पडतो.

सरकारी रुग्णालयांनाही यातून बाजूला राहता येणार नाही. यंत्र आले पण चालवणारे पद मंजूर नाही, देखभालीचा करार संपला, प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी बदलून गेला, या तक्रारी तिथे जुन्याच आहेत. खासगीत पगार कमी म्हणून माणूस जातो, सरकारीत बदली झाली म्हणून जातो. यंत्र दोन्हीकडे कापडाखाली झाकलेलेच राहते.

उपाय फार खर्चिक नाहीत. सकाळी दवाखाना उघडल्यावर दहा मिनिटे एकत्र बसावे: आज कोण येणार, काय संपले, काल काय चुकले. नवे यंत्र आले की एक दिवस रुग्ण कमी घेऊन सगळ्यांनी ते शिकावे, एकीनेच नव्हे. कामाची लेखी यादी मराठीत भिंतीवर असावी, म्हणजे नवी मुलगी जुनीच्या चुकांवर अवलंबून राहणार नाही. आठवड्याची सुट्टी ठरलेली असावी, पगाराची तारीखही ठरलेली असावी. लस पहिल्या महिन्यातच सुरू व्हावी. सुई टोचली तर काय करायचे आणि कोणत्या रुग्णालयात जायचे, हे फोन नंबरासह लिहून ठेवावे. कराड आणि सांगलीच्या दंत महाविद्यालयांनी मदतनिसांसाठी काही आठवड्यांचे मराठी अभ्यासवर्ग घेतले आणि दंतवैद्यांच्या संघटनांच्या स्थानिक शाखांनी आपल्या सदस्यांना मदतनीस तिथे पाठवायला सांगितले, तर दोन्ही जिल्ह्यांचे चित्र थोड्या वर्षांत बदलू शकते.

रुग्णालाही यात काही करता येते. खुर्चीत बसल्यावर अवजारांचे पाकीट आपल्यासमोर उघडले जाते का आणि त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला आहे का, ते पाहावे. शंका असेल तर नम्रपणे विचारावे. दर कमी करण्यासाठी घासाघीस करताना तो पैसा कुठून कमी होतो, याचाही क्षणभर विचार करावा. आणि निघताना डॉक्टरांचे आभार मानतो, तसे डाव्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीचेही मानावेत. पुढच्या रुग्णाच्या तोंडात जाणारी अवजारे धुवायला ती तोवर आत गेलेली असेल, तर जरा थांबावे.